घराणं नंतर, आधी उभे राहा

ताई ची या चिनी व्यायामाची कोणती शैली श्रेष्ठ, हा वाद मला आता ऐकवत नाही. चेन अस्सल की यांग, सुन बरी की वू, ताई ची करावं की चिगाँग, यावर तासन्‌तास बोलणारी माणसं पूर्वी मुंबई-पुण्याच्या शिबिरांत भेटायची. आता ती पेणच्या सकाळच्या फेरीतही भेटतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांची मतं पक्की करून दिलेली असतात. गेल्या पावसाळ्यात आपल्या आळीतली किती म्हातारी माणसं पडली, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. तोल राखण्यासाठी जो व्यायाम सांगितला जातो, त्याची कसोटी एकच आहे: तो केल्यानं माणूस कमी वेळा पडतो का? या प्रश्नाला बगल देऊन केलेली शैलींची तुलना म्हणजे निव्वळ मिरवणं आहे.

पेण आणि रोह्यात म्हाताऱ्या माणसाला पडायला निमित्त शोधावं लागत नाही. पावसाचे चार महिने अंगणातल्या फरशीवर शेवाळ असतं. मोरी ओली, उंबरठा उंच, एसटीची पहिली पायरी गुडघ्याला टेकणारी. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत चढताना फलाट आणि डबा यांच्यातली फट सत्तरीच्या बाईच्या पोटात गोळा आणते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत लोकांनी वर्षानुवर्षं मांडी घालून मूर्ती रंगवल्या. साठीनंतर त्यांना जमिनीवरून उठताना भिंत लागते. याच तालुक्यांतल्या बायकांनी डोक्यावर भारा घेऊन वीतभर बांधावरून आयुष्य काढलं. पावलापुढे पाऊल टाकत अरुंद वाटेवर चालणं ही तोलाची पहिल्या दर्जाची तालीम होती. लेकाची नोकरी लागली, शेती सुटली, आणि आपण मोठ्या मायेनं त्यांना सांगितलं, ‘आता बस की गं आई, किती राबशील.’ त्या बसल्या, आणि त्यांचे पाय गेले.

माझी आई अशीच बसली. ज्येष्ठांच्या एका वर्गाला ती नेमानं जायची. तिथे तिला खुर्चीत बसवून श्वास घ्यायला, हात वर करायला आणि टाळ्या वाजवून हसायला शिकवलं. एका पायावर कसं उभं राहावं, मागे पाऊल कसं टाकावं, वळताना वजन कसं न्यावं, हे कोणी शिकवलं नाही. मोरीत वळताना ती पडली आणि तिचा खुबा मोडला. वर्ग घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूनं हाड सांधत नाही. जो माणूस उभा असताना पडतो, त्याला बसवून वाचवता येत नाही, एवढी साधी गोष्ट शिकवणाऱ्याला कळायला हवी होती.

आता शैलींकडे येतो, कारण त्यांच्यात फरक आहे आणि तो उपयोगाचा आहे. हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावची चेन शैली सगळ्यांत जुनी. तिची बैठक खोल. संथ हालचालींमध्येच अचानक वेग येतो, पाय आपटले जातात. तरुण, धडधाकट माणसानं ती जरूर करावी. झिजलेल्या गुडघ्यांच्या आजोबांना ‘मूळ शैली’ म्हणून पहिल्याच दिवशी त्या बैठकीत उतरवणारा शिक्षक बेजबाबदार आहे. यांग शैलीचा जनक यांग लुचान याच चेन गावात शिकला. त्याचा नातू यांग चेंगफू यानं विसाव्या शतकात त्या हालचाली मोकळ्या, संथ आणि एका लयीच्या केल्या. त्यातूनच १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्यानं २४ हालचालींचा छोटा क्रम बसवला. पाच-सहा मिनिटांत होणारा हा क्रम आज जगभर चालतो. सुन लुतांगच्या शैलीत उभं राहणं उंच असतं आणि एक पाऊल पडलं की दुसरं मागोमाग येतं, त्यामुळे गुडघ्यावर भार कमी येतो. म्हणूनच डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ साली ऑस्ट्रेलियात संधिवाताच्या रुग्णांसाठी कार्यक्रम आखला तेव्हा पाया म्हणून सुन शैली घेतली.

चिगाँग या दुसऱ्या चिनी व्यायामप्रकारातला आठ हालचालींचा बादुआनजिन हा क्रम बहुतांशी एका जागी उभं राहून होतो. शिकायला सोपा, खांदे-पाठ मोकळी करणारा, दमलेल्या माणसाला झेपणारा. सुरुवातीला तो उत्तम आहे. पण त्यात पाऊल टाकणं कमी, आणि माणूस पडतो तो बहुधा पाऊल टाकताना आणि वळताना. त्यामुळे तोलासाठी तेवढ्यावर थांबू नये. पाच प्राण्यांच्या हालचालींवर बेतलेल्या वुचिनशीत क्रौंचासारखं एका पायावर उभं राहणं आहे, ते भिंतीजवळ उभं राहून करण्याजोगं आहे. तुलना म्हणायची ती एवढीच. गाण्याच्या मैफलीत घराण्यावरून भांडावं, हाडांच्या बाबतीत भांडू नये.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फुझोंग ली यांनी सत्तरीपुढच्या ६७० जणांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे आधी पडलेले किंवा चालताना अडखळणारे लोक होते. आठवड्यातून दोनदा, तासभर, २४ आठवडे. ताई ची करणाऱ्यांचं पडणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झालं, आणि ताकद, तोल, चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी. शैलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट ऐकावी. ली यांनी २४ हालचालींतल्या फक्त आठ ठेवल्या आणि त्यांना वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची, तोल जातोय असं वाटण्याच्या हद्दीपर्यंत झुकून परत येण्याची तालीम जोडली. म्हणजे शैली मोडली, काम ठेवलं, आणि माणसं कमी वेळा पडली.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं होती. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम केल्यानं पडणं २४ टक्क्यांनी घटलं. त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तर ३४ टक्क्यांनी. ताई चीनं १९ टक्क्यांनी, आणि हा शेवटचा पुरावा तितका भक्कम नाही. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं, असं त्या आढाव्यात दिसलं नाही. ‘मी रोज कुंडलिकेच्या काठानं फेरी मारतो, मला काय गरज’ म्हणणाऱ्या रोहेकरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. हृदयासाठी फेरी चांगली. तोलासाठी ती पुरत नाही.

मग येतात अभिमानवाले. एक म्हणतात, आपला योग असताना चिनी व्यायाम कशाला? दुसरे म्हणतात, हे सगळं इथून गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूनंच तिकडे नेलं, म्हणजे आपलंच. बोधिधर्माच्या नावावर खपवलं जाणारं यिजिनजिंग हे व्यायामाचं पुस्तक सतराव्या शतकातलं आहे आणि त्याच्या प्रस्तावना बनावट आहेत, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवलं आहे. खोट्या इतिहासावर उभा केलेला अभिमान मला नको. खरा अभिमान बाळगायला आपल्याकडे जागा आहे. घाट चढून गेलं की लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनं, प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. श्रद्धेची गोष्ट मोजून बघायची हिंमत मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी होती. योगात वृक्षासन आहे, वीरभद्रासन आहे, टाचा उचलून केलेलं ताडासन आहे. ज्येष्ठांच्या वर्गांतून उभी आसनं कोणी हद्दपार केली? चीननं केली नाहीत, आपण केली, कारण बसलेला म्हातारा सांभाळायला सोपा असतो.

सगळ्यांत घातक आहेत चिगाँगच्या नावानं ऊर्जा विकणारे. दोन दिवसांचं शिबिर, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र, आणि मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं करण्याचं आश्वासन. १९८०च्या दशकात चीननं हे वेड स्वतः भोगलं आहे. तिथे गुरूंनी स्टेडियम भरवले आणि रोग पळवण्याचे दावे केले. शेवटी तिथल्या सरकारनं लगाम आवळला आणि २००३ साली आरोग्यासाठी चारच क्रम ठरवून दिले. जिथून ही विद्या आली तिथेच जे टाकून दिलं, ते पेणच्या पेन्शनरांच्या गळ्यात मारणं ही लूट आहे. तिला परंपरा म्हणू नका.

पेण आणि रोहा-अष्टमी या दोन्ही नगरपरिषदांकडे आणि ज्येष्ठ नागरिक संघांकडे माझी मागणी साधी आहे. कोरड्या, छप्पर असलेल्या जागेत, भिंतीला आडवा दांडा लावून, आठवड्याला तीन तास उभ्यानं करायचा वर्ग चालवा. ताई ची शिकवणारा मिळाला तर सुन किंवा छोटा यांग क्रम घ्या. न मिळाला तर फिजिओथेरपिस्टला बोलवा: हात न टेकता खुर्चीतून उठणं, आडवी पावलं, उलटं चालणं, पावलापुढे पाऊल, टाचा उचलणं. ज्यांना चक्कर येते, ज्यांची हाडं ठिसूळ आहेत किंवा रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एक वही ठेवा. त्यात दर महिन्याला कोण पडलं, कुठे पडलं, एवढंच लिहा. वर्षअखेरीला वहीच सांगेल कोणता वर्ग चालू ठेवायचा.

येत्या २१ जूनला, योगदिनी, चटईवर बसलेल्यांचे फोटो निघतील, तेव्हा आयोजकांना एवढाच प्रश्न विचारा: यातलं किती उभ्यानं होतं, आणि किती जण पडायचे वाचले? उत्तर मिळालं नाही, तर त्या वर्गाला आपल्या आईवडिलांना पाठवू नका.