कमरेचा पट्टा आणि पोटातला पट्टा

गेली अठ्ठावीस वर्षे मी दवाखाना चालवतो. एवढ्या काळात कमरेचे पट्टे किती जणांना लिहून दिले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर आज तो वाचायची हिंमत झाली नसती. रुग्ण कमरेवर हात ठेवून आत आला, की पाच दिवसांच्या गोळ्या, चोळायला मलम आणि शेवटी पट्टा, हे ठरलेले असे. रुग्णही खूश होत. गोळी पोटात जाते ती कोणाला दिसत नाही; पट्टा चारचौघांना दिसतो. शिवाय पट्टा बांधलेल्या माणसाला घरात कोणी पाण्याची बादली उचलू देत नाही, हाही एक फायदाच!

२०१७ च्या उन्हाळ्यात ही पाळी माझ्यावर आली. गॅसचा भरलेला सिलिंडर एकट्याने ओट्याखाली सरकवताना कमरेत अशी कळ आली, की मी ओटा धरून तिथेच उभा राहिलो. रीतसर तपासण्या झाल्या. मणक्यांत वयानुसार झीज, बाकी काळजीचे काही नाही. मीच माझ्यासाठी पट्टा मागवला. पंधरा दिवसांसाठी म्हणून बांधलेला तो पट्टा दिवाळीपर्यंत सुटला नाही. दुखणे केव्हाच कमी झाले होते. पण पट्ट्याशिवाय वाकायचे म्हटले की छातीत धस्स होई. पेन खाली पडले तर कंपाउंडर आत येईपर्यंत मी वाट बघत बसे.

दिवाळीला भाची आली. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दोन दिवस तिने माझे उठणे-बसणे मुकाट्याने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, तो पट्टा काढून ठेवा आणि इथे सतरंजीवर आडवे व्हा. तुमच्या पोटात देवाने एक पट्टा दिलाय, तो कुठे आहे ते आधी शोधू."

तिने मला जे शिकवले त्याचे नाव पिलाटेस. नाव ऐकून मी हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. सिनेनट्यांनी गार खोलीत महागड्या यंत्रावर करायचे ते व्यायाम, एवढीच माझी समजूत होती. ही समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असेल, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

पिलाटेस हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीतील मोन्शनग्लाडबाख या गावी जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी ते बेजार होते, असे त्यांच्याबद्दल सांगतात. त्यातूनच त्यांना व्यायामाचा नाद लागला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे आइल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत ठेवले गेले. तारेच्या कुंपणाआड ना तालीम, ना साधने. तिथे त्यांनी जमिनीवर पडून करायच्या व्यायामांची आपली पद्धत घडवली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्यांच्याकडूनही व्यायाम करवून घेतला, अशी कथा आहे. आजच्या यंत्रांचे मूळ त्यातच असल्याचे मानतात. १९२६ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा काढली. दुखावलेले नर्तक तिथे येऊ लागले आणि हळूहळू नाव झाले. आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतः दिलेले नाव मात्र वेगळे होते: 'कॉन्ट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात चौतीस व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवरचे. छावणीत, फुकटात जन्मलेली ही पद्धत श्रीमंतांची कशी झाली, हा वेगळाच विषय आहे. असो.

आता पोटातल्या पट्ट्याकडे वळू. आपल्या पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. त्यातला सर्वांत आतला थर आडवा असून तो कमरेला दोन्ही बाजूंनी वेढा घालतो आणि मागे मणक्यांजवळच्या जाड आवरणाला जाऊन मिळतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मागे मणक्यांना बिलगलेले छोटे स्नायू. हा सगळा मिळून एक बंद डबाच म्हणा ना. हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याआधीच हा आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होतो. पुढे यावर बरीच चर्चा झाली आणि कंबरदुखीचे सारे खापर एका स्नायूवर फोडता येत नाही, हे खरे. पण पट्टा बाहेरून जे करू पाहतो, त्याची सोय शरीरात आधीपासून आहे, एवढे यातून निश्चित कळते.

भाचीचा पहिला धडा अगदी साधा होता. उताणे निजायचे, गुडघे दुमडायचे, तळपाय जमिनीवर. कमरेच्या पुढच्या दोन हाडांच्या जरा आत दोन-दोन बोटे ठेवायची. श्वास सोडता सोडता बेंबीखालचे पोट हलकेच आत घ्यायचे, जणू लेंग्याची नाडी हळूच आवळतो आहोत. बोटांखाली थोडा ताण जाणवला की झाले. पोट फुगून बोटे वर ढकलली गेली तर चुकले. श्वास कोंडला तरी चुकले. मी तीन दिवस चुकत होतो. आयुष्यभर शरीरशास्त्र वाचलेला माणूस मी, आणि मला माझ्याच पोटातला एक स्नायू सापडेना! चौथ्या दिवशी तो सापडला. मग तो ताण तसाच ठेवून एक टाच पुढे सरकवायची, परत आणायची. पुढे एक पाय उचलायचा. एवढ्यावर मी तीन आठवडे काढले.

पिलाटेस यांच्या पश्चात, १९८० साली निघालेल्या एका पुस्तकात या पद्धतीची सहा तत्त्वे मांडली आहेत: एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, अचूकपणा, श्वास आणि ओघ. ही पाठ करायची गरज नाही. माझ्या मते सगळे मिळून एकच सांगणे आहे: थोडे करा, सावकाश करा, पण लक्ष देऊन करा. यात 'शंभर' नावाचा प्रसिद्ध व्यायाम आहे. हात शंभर वेळा हलवायचे असतात. पण मोजायचे ते श्वास. पाच अंकांत आत, पाच अंकांत बाहेर, असे दहा श्वास. आपण मात्र आकड्यांवर प्रेम करणारी माणसे. तालमीत किती जोर काढले, पहाटे किती फेऱ्या मारल्या, हे अभिमानाने सांगतो. कसे काढले, हे कोणी विचारत नाही.

"आपली योगासने असताना हे परके कशाला?" असे मला हमखास विचारतात. यात भांडण नाही. पिलाटेस न्यूयॉर्कमध्ये शिकवत होते त्याच काळात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. १९३८ साली त्यांचे त्यावरचे पुस्तक लंडनहून निघाले. सूर्यनमस्कारातही प्रत्येक स्थितीला श्वास नेमून दिलेला आहे. ज्याला तो नियम पाळून नमस्कार घालता येतात, त्याने हे वाचून काही बदलू नये. पण पन्नाशीतला माणूस घड्याळाकडे बघत बारा नमस्कार उरकतो आणि प्रत्येक वाकण्यात कमरेला हिसका देतो, तेव्हा त्याला आधी सतरंजीवर निजवून नाडी आवळायला शिकवणे मला बरे वाटते.

माझ्या रुग्णांत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. दिवसाचे नऊ-दहा तास मशीनवर. त्यांच्याकडे दोन पट्टे होते. एक धुवायला आणि एक बांधायला. दोन्ही मीच लिहून दिलेले. त्यांना हे व्यायाम शिकवले, त्याला वर्ष झाले. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. लग्नसराईत कंबर अजून बोलते. पण पूर्वी त्या दर महिन्याला गोळ्यांसाठी येत, आता तीन-चार महिन्यांत एकदा येतात. तांदळाची गोणी बघून त्यांना घाम फुटत नाही. मला यातला मोठा फायदा हाच वाटतो. दुखणे उणे होते त्यापेक्षा भीती अधिक उणी होते.

अभ्यास काय सांगतात तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्यांचा, एकूण ५१० रुग्णांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसने कंबरदुखी कमी होते, असे त्यात दिसले. पुरावा मध्यम किंवा त्याहून कमी दर्जाचा. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असे मात्र सिद्ध झाले नाही. म्हणजे जे नियमित कराल ते चांगले. वजन उतरवण्यासाठी कोणी याच्या नादी लागू नये. त्यासाठी ताटाकडे बघावे आणि भरभर चालावे.

शिकवणारा मात्र पारखून घ्या. हे नाव कोणाच्याच मालकीचे नाही, असा निकाल अमेरिकेतील न्यायालयाने २००० सालीच दिला आहे. त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. शिक्षण कुठे व किती दिवसांचे झाले, हे विचारायला संकोच करू नका. पहिल्याच दिवशी यंत्रावर चढवणाऱ्यापेक्षा सतरंजीवर निजवून पोटाला हात लावायला सांगणारा बरा. जिल्हा रुग्णालयात किंवा गावात फिजिओथेरपिस्ट असतील, तर आधी त्यांनाच भेटा.

काहींनी परस्पर सुरुवात करूच नये. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, कंबरदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांनी, पाठ गोल करून उठण्याचे व लोळण्याचे प्रकार टाळावेत. त्याने मणका दबून मोडू शकतो. गरोदर स्त्रियांनी विचारूनच करावे.

राहिला पट्टा. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. पट्ट्याने स्नायू दुबळे होतात की नाही, यावर दुमत आहे. पण पट्टा स्नायूंना काही शिकवत नाही, याबद्दल दुमत नाही. हाड मोडले म्हणून किंवा शस्त्रक्रियेनंतर दिलेला पट्टा वेगळा, तो आपल्या मनाने काढायचा नाही. पण साध्या कंबरदुखीसाठी तो महिनोन् महिने बांधत असाल, तर पहिल्या आठवड्यात घरात बसल्या-बसल्या काढा, दुसऱ्या आठवड्यात घरातल्या हलक्या कामाला काढा, मग बाजारात जाताना काढा. माझा स्वतःचा सुटायला महिना लागला. तो अजून दवाखान्यातल्या कपाटात आहे, आणि पट्टा लिहून द्या म्हणणाऱ्याला मी तो काढून दाखवतो.