गाण्याची जात कोणती?

गाण्याचा धंदा करणारा आधी गाण्याची जात विचारतो. हे शास्त्रीय, हे रॉक, ते लोकसंगीत. म्हणजे बस उंबऱ्याबाहेर!

जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'चे १९ जण मंचावर चढले. नाव घेतलं पंडित अयोतिदासांच्या 'जात नसलेले तमिळ' या शब्दांवरून. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताला म्हणतात तो 'गाना', शेजारी परई, गिटार, रॅप. आता लावा चिठ्ठी! गाणी यूट्यूबवर टाकली, कुणाच्या सभागृहाची परवानगी मागितली नाही.

मला तमिळ ओ की ठो येत नाही. पण परई कडाडली की आमची हलगी आठवते. शहाणे म्हणतात, 'फ्यूजन'. अरे, एका वस्तीत राहतो आम्ही, त्याला फ्यूजन म्हणता?

आधी ऐका. मग आम्हाला शिव्या घाला.