आधी वजनकाटा, मग लिफ्ट किट



माझ्या ओळखीतल्या तिघांनी गेल्या दोन वर्षांत पाऊण टनी पिकअप घेतले. एफ-२५० नाहीतर रॅम २५००, मागे कॅम्पर, आणि लाँग वीकेंड आला की युटा-नेवाडाच्या कच्च्या रस्त्यांवर चार दिवस मुक्काम. ओव्हरलँडिंग म्हणतात ते हेच. गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला: लिफ्ट किती टाकू, ४ इंची की ६? माझ्या मते प्रश्नच उलटा आहे. या कामाला २ ते ३ इंचांच्या वर जायची गरज नाही, आणि तेवढीही लिफ्ट गाडी भरून काट्यावर नेल्याशिवाय घेऊ नये.

लिफ्टने नक्की काय वर जातं ते बघा. वर जाते ती चासी आणि बॉडी. डिफरन्शियल आहे तिथेच राहतं, कारण ॲक्सलची उंची फक्त टायर ठरवतो. ३३ इंचीचे ३५ इंची टायर केले तर खाली एक इंच मिळतो. बस्स. ३५ च्या टायरला अवाढव्य लिफ्टही लागत नाही. फोर्डने २०२० मध्ये सुपर ड्यूटीचं ट्रेमर पॅकेज आणलं, त्यात ३५ इंची टायर कारखान्यातूनच येतात.

आता वजन. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. डिझेल इंजिन घेतलंत तर हा आकडा पेट्रोलवाल्यापेक्षा कमी. त्यातून कॅम्परचे हजार-बाराशे पौंड वजा करा, २० गॅलन पाण्याचे १६७, विंच, लोखंडी बंपर, फ्रीज, बॅटऱ्या, चार माणसं... उरलं काय? लिफ्ट किटने हा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, थोडक्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. तो कागद हातात असल्याशिवाय स्प्रिंगची ऑर्डर देणं म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकणं.

कारण खरा खेळ उंचीचा नाही, स्प्रिंगचा आहे. रिकाम्या एसटीत मागच्या सीटवर बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. तीच गाडी भरली की पाटे कसे मऊ लागतात! स्प्रिंग ठराविक वजनासाठीच असते. रॅमची पॉवर वॅगन हे उत्तम उदाहरण: दगडधोंड्यांत जायला या वर्गात तिच्यासारखी दुसरी नाही, पण मऊ स्प्रिंगांमुळे पेलोड साधारण दीड हजार पौंड, साध्या २५०० पेक्षा बराच कमी. म्हणजे कंपनीलाही दोन्ही एकदम साधलेलं नाही. तुमचा कॅम्पर बारा महिने गाडीवर असेल तर त्या वजनाच्या स्प्रिंग किंवा जादा पाटा घ्या. सोमवारी कॅम्पर उतरवून ऑफिसला जाणार असाल तर मागे एअर बॅग बऱ्या, वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते.

आणि सुरक्षिततेचं. सुपर ड्यूटी आणि रॅमच्या ४x४ मध्ये पुढचा ॲक्सल सलग असतो. गाडी उचलली की कॅस्टरचा कोन कमी होतो, स्टिअरिंग सरळ परतायला आळस करतं, आणि ट्रॅक बारमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो. त्यात एखादा जॉइंट ढिला असला तर साठच्या स्पीडला एका खड्ड्यावरून गेल्यावर अख्खी पुढची चाकं थरथरायला लागतात. याला डेथ वॉबल म्हणतात ते उगाच नाही. नवा स्टिअरिंग डँपर लावून ते लपतं, जात नाही. म्हणून किटमध्ये ॲडजस्टेबल ट्रॅक बार आणि कॅस्टर सुधारायची सोय आहे का, हे इंचांच्या आधी विचारा. (जीएमवाल्यांचा पुढचा सस्पेन्शन इंडिपेंडंट, तिथे सीव्ही जॉइंटचा कोन आडवा येतो. त्यांनी तर फारच जपून.)

पैसे घालायचेच तर शॉकमध्ये घाला. डेथ व्हॅलीत रेसट्रॅकला जाणारा रस्ता २७ मैल नुसता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. तिथे उंची कमी पडत नाही; शॉकमधलं तेल तापून फेसाळतं आणि टोकदार दगडांनी टायर फाटतात. मोठे, वेगळ्या रिझर्व्हॉयरचे शॉक, जाड टायर आणि हवा कमी करून पुन्हा भरायला कॉम्प्रेसर, हे सगळं ६ इंची लिफ्टच्या फोटोइतकं रुबाबदार दिसत नाही, हे मान्य.

अवांतर: सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला ६ इंच उचललेल्या गाडीत कसं चढवणार? घरातलं स्टूल प्रत्येक पार्किंग लॉटमध्ये नेणार का? बऱ्याच पार्किंग गराजच्या दारावर ७ फुटांची किंवा त्याहून कमीची पाटी असते, तेव्हा डाउनटाउनही विसरा.

असो. किट बसवलंत की अलाइनमेंट लगेच करा, हेडलाइट खाली वळवून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या घालेल. आणि ५०० मैल झाले की सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, ट्रॅक बारचे सगळ्यात आधी.