‘आईने दिला दुसऱ्यांदा जन्म’, मग पुढे?

वर्षातून दोन-तीनदा तरी ही बातमी वर्तमानपत्रात येते. आईने आपल्या लेकराला किडनी दिली. मथळा ठरलेला: ‘आईने दिला दुसऱ्यांदा जन्म’. फोटोत मायलेकी तोंडाला मास्क लावून उभ्या, शेजारी डॉक्टर, हातात पुष्पगुच्छ. मातृदिनाच्या आसपास तर हमखास. वाचून डोळ्यांत पाणी येतं, ते येऊ नये असं मी म्हणत नाही. माझं भांडण त्या आईशी नाही, त्या मथळ्याशी आहे. पहिल्या जन्मानंतर बाईला म्हणायला तरी सव्वा महिन्याचा विसावा असतो. ह्या दुसऱ्या जन्मानंतर मात्र तिची एकाच वेळी तीन कामांवर नेमणूक होते: पेशंट, नर्स आणि घरची बाई. आणि जिचा ‘जन्म’ झाला ती मुलगी उद्यापासून कशी जगते, हे विचारायला कुणी बातमीदार परत येत नाही.

आधी आकडे पाहू, कारण ‘आईचं प्रेम’ म्हटलं की आकडे विचारायचे नसतात असा आपल्याकडे संकेत आहे. २०१९ ते २०२३ ह्या पाच वर्षांत देशात जिवंत माणसांनी केलेली ५६,५०९ अवयवदानं नोंदली गेली. त्यांतली ३६,०३८ बायकांनी केलेली. अवयव मिळाले ते मात्र ३९,४४७ पुरुषांना आणि १७,०४१ बायकांना. हे सरकारी संस्थेचे, राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेचे (‘नोटो’चे) आकडे आहेत, आपल्या कुणा संघटनेचे नव्हेत. देणाऱ्या शंभरांत चौसष्ट बाया, घेणाऱ्या शंभरांत तीस.

ह्यावर डॉक्टर मंडळी सांगतात की पुरुषांना रक्तदाब, मधुमेह, दारू-तंबाखू जास्त, म्हणून ते दाते म्हणून बाद होतात. थोडं खरं असेलही. पण तपासणी होऊन बाद होणं वेगळं आणि तपासणीलाच न येणं वेगळं. ‘तो कमावता आहे, त्याला कसं काय’ हे वाक्य दवाखान्यात जायच्या आधीच घरात बोललं जातं. आणि मासे विकणारी, बागेत मजुरीला जाणारी, काजू फोडणारी बाई कमावती नसते का? तिचा पैसा घरखर्चात विरघळतो, म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

मैत्रिणींनो, एक तारीख आठवा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा १९९४ सालचा. महाराष्ट्रात तो त्याआधी, १९८८ मध्येच आणायला आपण भाग पाडलं होतं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही १९९४ चाच, आणि ज्या राज्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. एका कायद्यासाठी आपण रस्त्यावर होतो. दुसरा आपल्या शेजारून निघून गेला, कारण तो ‘किडनी रॅकेट’चा, दलालांचा, गरिबांच्या पिळवणुकीचा कायदा म्हणून आपण वाचला. विकत घेतलेली किडनी हा गुन्हा. आणि घरातल्या घरात बाईकडून अलगद काढून घेतलेली? ती ‘जवळच्या नातेवाइकाचं दान’. कायदा करणाऱ्यांनाही शंका होती बरं का! २०१४ च्या नियमांत म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची स्वतंत्र संमती आहे याची खात्री, अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. ही दुसरी व्यक्ती सासू असली, दीर असला, तरी नियम पाळला गेला! इंजेक्टेबल गर्भनिरोधकांच्या वेळी ‘माहितीपूर्ण संमती’ म्हणजे काय, ह्यावर आपण रात्र-रात्र वाद घातले. तो प्रश्न इथे विचारायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

आता मुलीकडे येते. मी कुणा एका मुलीची गोष्ट सांगत नाहीये. अशा मुलीची ओळख छापणंही बरं नाही. पण हिशेब मांडायला एक गाव लागतं, म्हणून पूर्णगड घेऊ. मुचकुंदी समुद्राला मिळते तिथे डोक्यावर किल्ला, खाली वस्ती, होड्या. पावसवरून रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर. अशा गावातली चौदा-पंधरा वर्षांची, आईची किडनी बसवलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा.

तिचा दिवस घड्याळावर चालतो. सकाळी आठ, रात्री आठ. नव्या अवयवाला शरीर परकं समजतं आणि हाकलू पाहतं. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दर बारा तासांनी, अवयव चालू असेपर्यंत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही नावं त्या घरात मीठ-मसाल्यासारखी पाठ होतात. प्रतिकारशक्ती दाबली की साधा संसर्गही महाग पडतो. म्हणजे विहिरीचं पाणी रोज उकळायचं, तेही वेगळं झाकून ठेवायचं. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात अनवाणी उतरायचं नाही, कारण कोकणात लेप्टो आहे. कालवं, तिसऱ्या नीट शिजल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. दारात पपनसाचं झाड असलं तरी ते फळ बंद, त्याने रक्तातलं औषधाचं प्रमाण बिघडतं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं की ही माडीवर. हे सगळं कोण सांभाळतं? तीच, जिच्या कुशीत अजून टाके ओढतात. तिला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, दीड-दोन महिने जड उचलू नको. मग घरातलं पाणी, लाकूडफाटा, डोक्यावरची माशांची पाटी ह्या दिवसांत कुणाकडे जाते? मला शंका आहे की ती बापाकडे जात नाही. ती थोरल्या मुलीकडे जाते आणि तिची शाळा तिथे अडखळते. एका किडनीमागे तीन बायका कामाला लागतात. बातमीत एकीचाच फोटो.

आणि रक्ततपासणी. टॅक्रोलिमसचं प्रमाण बघायचं तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावं लागतं. म्हणजे पहाटे उठून, पर्समध्ये न घेतलेली गोळी ठेवून, पहिल्या एसटीने रत्नागिरी. गाडी चुकली की गोळीची वेळ चुकली. मोठ्या तपासणीला मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर. मुंबईत नातेवाइकांची खोली असते म्हणून कोकणी माणसाचं भागतं. दहा बाय बाराच्या खोलीत प्रतिकारशक्ती दाबलेली पोर किती दिवस ठेवायची, हा प्रश्न मात्र पाहुणचाराने सुटत नाही.

सरकार काय करतं? शस्त्रक्रियेला पैसे देतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली गेली. चांगलं झालं. पण शस्त्रक्रिया एका दिवसाची आणि गोळ्या आयुष्यभराच्या, दरमहा काही हजारांच्या. योजनेची रक्कम शस्त्रक्रिया मोजते, जगणं मोजत नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. किडनी निकामी होणं नाही, अवयव प्रत्यारोपणही नाही. म्हणून ह्या मुलीकडे ना प्रमाणपत्र, ना परीक्षेतली सवलत. एसटीने डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास दिला, पण सवलतींच्या यादीत प्रत्यारोपण झालेल्यांचा वेगळा उल्लेख नाही. किडनी बसली की मुलगी कागदोपत्री ठणठणीत! २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यात ती बसते. आजारी म्हणून नव्हे, बाई म्हणून.

ह्याहून अवघड गोष्ट घरातल्या आरशात आहे, आणि तिच्याबद्दल आपणही गप्प असतो. स्टेरॉइडने चेहरा गोल फुगतो, मुरमं येतात. सायक्लोस्पोरिन चालू असेल तर तोंडावर लव वाढते, हिरड्या सुजतात. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. चौदाव्या वर्षी वर्गात ‘भोपळा’ म्हणून हाक ऐकायची की गोळी बाजूला टाकायची? जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे की बसवलेली किडनी हातची जाण्याचा धोका किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, आणि चुकवलेल्या गोळ्या हे त्याचं मोठं कारण आहे. ह्याला ‘पोरगी निष्काळजी’ म्हणून मोकळं होता येतं. किंवा असं म्हणता येतं की मुलीचं दिसणं हीच तिची किंमत, असं जन्मापासून शिकवून मग तेच दिसणं बिघडवणारी गोळी हसत घे, असं आपण तिला सांगतो. किडनी गेली तर रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यांमुळे दुसरी जुळणं आणखी कठीण. (गर्भारपणातही अशी प्रतिद्रव्यं तयार होतात. म्हणजे लेकुरवाळ्या बाईला किडनी लागली तर नवऱ्याची किंवा मुलांची जुळणंच अवघड. देण्याला ती सोयीची, घेण्याला गैरसोयीची.)

दिसण्यावरून पुण्याच्या श्रेया सिद्धनगौडरची आठवण काढायला हवी. २०१६ च्या सप्टेंबरात मणिपालला कॉलेजकडे परत जाताना बस उलटली आणि तिचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, कोचीच्या अमृता रुग्णालयात अपघातात गेलेल्या एका वीस वर्षांच्या मुलाचे हात तिला बसवले. पुढे व्यायामाचे लांबलचक महिने, बोटं हलवायला नव्याने शिकणं, पुन्हा लिहायला लागणं. आणि २०२० मध्ये बातमी कशाची झाली? पुरुषाचे सावळे, रुंद हात मुलीच्या अंगावर गोरे, नाजूक झाले ह्याची! शास्त्राला त्यात कुतूहल असेल. पण जी मुलगी त्या हातांनी परीक्षा लिहिते, तिच्या हातांचा रंग आपल्याला आधी दिसतो. ते हात टिकवायला तिला रोज काय गिळावं लागतं, ते कुणी मथळ्यात घेतलं नाही.

लग्नाचं तर बोलूच नका. ‘पोटावर टाका आहे, स्थळ कसं मिळायचं’ ही काळजी गाव करतं. मायकोफेनोलेट चालू असताना दिवस राहिले तर गर्भात व्यंग येऊ शकतं, औषध आधीच बदलून घ्यावं लागतं, आणि तसं केलं तर प्रत्यारोपण झालेल्या बाईलाही मूल होऊ शकतं. ही माहिती मुलीला कोण देणार? आईसमोर डॉक्टर बोलत नाहीत, आईशिवाय मुलीला आत बोलावत नाहीत. मग ते लपवून तिचं लग्न उरकलं जातं, आणि सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात.

‘तुम्ही आईच्या प्रेमालाही हिशेबात धरता’ असं काही जणी म्हणतील. धरते. प्रेमाने दिलेल्या किडनीलासुद्धा वर्षाकाठी तपासणी लागते आणि ती आईची होत नाही. मुलीची फाइल जाडजूड, आईची फाइल टाके काढले त्या दिवशी बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोटो’ने सूचना काढली की प्रतीक्षायादीत बायकांना, आणि अवयव दिलेल्यांच्या जवळच्या नातलगांना प्राधान्य द्यावं. उशिरा का होईना, सरकारने आकडे वाचले म्हणायचे. पण प्रतीक्षायादीत नाव घालायलाही कुणीतरी मुलीला गाडीत बसवून शहरात न्यावं लागतं.

म्हणून आपल्या गटांनी हा विषय ‘आरोग्य’ ह्या सदरात टाकून मोकळं होऊ नये. रत्नागिरीच्या बायकांनी जिल्हा परिषदेला विचारावं: ह्या गोळ्या जिल्हा रुग्णालयातून दरमहा फुकट का मिळू नयेत? सकाळचं रक्त पावसच्या आरोग्य केंद्रात घेऊन नमुना पुढे पाठवायला काय अडचण आहे? दात्या आईची वार्षिक तपासणी कुणाच्या नोंदवहीत आहे? आणि ज्या घरात किडनीची गरज पडली, तिथल्या बापाचं, काकाचं, मोठ्या भावाचं रक्त तपासलं होतं का, याचा कागद संमतीच्या फाइलीत आईच्या सहीच्या आधी का लावत नाहीत?