सही केलेला कोरा चेक



आमचे काम बेणे, खत आणि लागणीच्या नोंदीचे. कायदा सांगणे हा आमचा प्रांत नव्हे. पण गेल्या हंगामात जे डोळ्यांनी पाहिले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गटातील एका सभासदाने आडसाली उसासाठी खते उधारीवर घेतली आणि दुकानदाराला सही करून कोरा चेक दिला. ऊस गेला. बिल कधी जमा होणार, असे त्याने गट कार्यालयात विचारले, तेव्हा आम्हीच म्हणालो, "होईल की आठवड्यात." त्या भरवशावर त्याने दुकानदाराला चेक लावायला सांगितले. बिल लांबले. आले तेही सोसायटीची वसुली वजा होऊन. तोवर चेक परत गेला होता. वकिलाची नोटीस आली, ती त्याने घेतलीच नाही. मग दारात कोर्टाचे समन्स आले.

१ एप्रिल १९८९ पासून, देण्यापोटी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून न वटणे हा कलम १३८ खाली फौजदारी गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रक्कम दुसऱ्याने भरली, एवढ्यावर सुटका नाही. सही आपली असेल तर देणे नव्हते हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कोऱ्या चेकबद्दलही हेच सांगितले. "बिल येईल असे वाटले होते" ही सबबही कायदा ऐकत नाही.

मात्र याच कायद्यात वाट ठेवली आहे. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरली, तर खटला उभा राहत नाही. न भरल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल होते. हे १५ दिवस सोन्याचे आहेत. नोटीस नाकारणे म्हणजे ते आपल्या हाताने घालवणे, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली तरी मिळाली असेच धरले जाते. कोर्टात गेल्यावरही तडजोड होऊ शकते, पण तोवर हेलपाटे आणि वकिलाची फी अंगावर पडते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कोरा चेक कोणालाही देऊ नये, मग तो दुकानदार असो, मुकादम असो की पाहुणा. चेकवर रक्कम व तारीख स्वतः लिहावी आणि वहीत नोंद ठेवावी. उधारी फिटली की पावती घ्यावी आणि चेक परत मागून घ्यावा. त्यात लाज कसली? टनेज गुणिले दर म्हणजे हातातले पैसे नव्हेत. कपाती वजा करूनच हिशेब मांडावा.

आणि दोन शब्द आमच्या घरचे. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. बिल थकले तर त्याचा चटका सभासदाच्या सहीला बसतो, हे कारखान्यानेही ध्यानात घ्यावे. बिलाची तारीख हिशेब खात्याने गट कार्यालयाच्या फळ्यावर लेखी लावावी, ही आमची मागणी आहे. ती लागेपर्यंत आम्ही, आमचे शेतकी मदतनीस आणि चिटबॉय, कोणीही तोंडी तारीख सांगणार नाही. त्या सभासदाला आम्ही सांगितली होती, आणि तारखेला कोर्टात उभा राहिला तो.

कळावे.

ऊस विकास अधिकारी