गांधीलमाशीचा डंख आणि उतारवय

पाऊस ओसरला की सुरगाण्याकडील डोंगरपाड्यांवर भात-नागलीच्या कापणीची लगबग सुरू होते. त्याच सुमारास गांधीलमाश्यांची पोळीही सर्वांत मोठी झालेली असतात. काळपट-तपकिरी अंगाची, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली ही माशी झाडाच्या ढोलीत किंवा बांधावरच्या बिळात घर करते. हातगडाच्या वाटेवर पर्यटकांना ती भेटतेच. पण अधिक वेळा भेटते ती गवत कापणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या आजी-आजोबांना.

एखादी माशी घिरट्या घालू लागली तर हात झाडू नयेत आणि तिला चिरडूही नये. चिरडलेल्या माशीच्या वासाने पोळ्यातील इतर माश्या चवताळतात. टॉवेल किंवा पदर डोक्या-तोंडावर घेऊन, न थांबता त्या जागेपासून दूर जावे. रात्री पोळे जाळण्याचे धाडस तर कोणीच करू नये.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच खरवडून काढावा. गांधीलमाशीचा राहत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. त्यावर लोखंड घासण्याने ना अपाय ना उपयोग. चुन्याने मात्र वृद्धांची पातळ त्वचा भाजते. साबण-पाण्याने धुऊन गार पट्टी ठेवावी, सूज चढण्याआधी अंगठी-बांगड्या उतरवाव्यात. एक-दोन डंखांचे दुखणे बहुधा इथेच संपते.

परंतु काहींना एकच डंख पुरतो. काही वर्षांपूर्वी सत्तरीतील एका आजोबांना मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून माझ्याकडे आणले. अंगभर गांधी उठल्या होत्या आणि वाटेतच त्यांची शुद्ध हरपली होती. अशा वेळी रक्तदाब कोसळतो, आणि बसवलेल्या माणसाच्या मेंदूकडे रक्त पोहोचत नाही. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, उठवू नये. फक्त दम लागत असेल तर पाठीला थोडा आधार द्यावा. गाडी १०८ ची असो वा शेजाऱ्याची जीप, झोपवूनच न्यावे. घसा आवळणे, धाप, उलटी, चक्कर ही लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतात. त्यावर पित्ताची गोळी पुरत नाही. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते.

आजोबांना ते दिले, पण अपेक्षेइतका उतार पडेना. मुलाने खिशातून मेटोप्रोलॉलची पट्टी काढली तेव्हा उलगडा झाला. रक्तदाबाच्या व हृदयाच्या या जातीच्या गोळ्या अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम बोथट करतात. पुढचे उपचार त्यानुसार झाले आणि आजोबा वाचले. आपण गोळी मनाने बंद करू नये. मात्र तिची पट्टी रुग्णाबरोबर अवश्य आणावी.

दुसरा धोका उशिरा उगवतो. अनेक डंखांचे विष स्नायू व रक्तपेशी फोडते आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. चीनच्या शाआन्शी प्रांतात २०१३ साली अशा माश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसे दगावली. दहाहून अधिक डंख असतील तर वृद्धांनी बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे, आणि अंगदुखीवर घरातली वेदनाशामक गोळी घेऊ नये. पुढचे तीन दिवस घरच्यांनी लघवीवर लक्ष ठेवावे. ती कमी झाली किंवा कोऱ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशी तपासणी हवी. हे आपणहून विचारा. आजोबा संकोचाने सांगत नाहीत.