नेट बंद करा, पण आदेश तरी दाखवा

२६ फेब्रुवारी २०२४ ला मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोबाईल इंटरनेट काही तास बंद ठेवलं होतं. अफवा पसरू नयेत, हे कारण.

आता नेट म्हणजे नुसता टाईमपास राहिलेला नाही. बाजारभाव बघणं, दुकानदाराला ऑनलाईन पैसे देणं, पोरांचे फॉर्म भरणं, सगळं त्याच्यावरच चालतं. नेट गेलं की गावाचा व्यवहार अडतो.

पण अफवेची भीती खोटी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. त्या अफवा व्हॉट्सॲपवरूनच फिरत होत्या.

मग मेळ कसा घालायचा? काश्मीरच्या नेटबंदीवर १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. नेट बेमुदत बंद ठेवता येत नाही, आदेश जाहीर करावा लागतो, त्याला कोर्टात आव्हान देता येतं. नियमानं एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस. राज्यात हा आदेश साधारणपणे गृह सचिव काढतात, तहसीलदार नाही.

म्हणून पुढच्या वेळी नेट बंद झालं तर विचारा, आदेश कुठाय, कारण काय, किती वेळासाठी? असं विचारलं म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही. आणि खात्री नसलेला मेसेज आपणही पुढं ढकलू नका. नेट बंद करायला निमित्त तिथूनच मिळतं.